एकतारी शिकताना: पहिल्या तारेपासून पहिल्या भजनापर्यंत

एकतारी हातात आली की नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "डाव्या हाताची बोटं कुठे ठेवायची?" कुठेच नाही. सतारीसारखे पडदे तिला नाहीत आणि व्हायोलिनसारखं तार दाबून सूर काढणंही नाही. तार मोकळीच वाजते आणि एकच सूर देते, तुमचा षड्ज, म्हणजे सा. हे कळलं की अनेकांना वाटतं, मग यात शिकायचं ते काय? आठवड्याभरात एकतारी भिंतीवर जाते आणि तिथेच राहते.

मी काही वर्षं भजनात एकतारी धरतो आहे. हाताचं काम खरंच दोन दिवसांत येतं. कानाचं काम वेळ घेतं, आणि त्यासाठीच हे वाद्य इतक्या पिढ्या गाणाऱ्यांच्या खांद्यावर राहिलं आहे. गाताना आपला सूर घसरला की एकतारी तो तिथल्या तिथे दाखवते. म्हणून खाली दिलेल्या पायऱ्यांत बोटांपेक्षा ऐकण्याच्या पायऱ्या जास्त आहेत.

कोणतं वाद्य, ते आधी पक्कं करा

आपल्याकडच्या एकतारीला खाली वाळवलेला भोपळा किंवा कोरलेला लाकडी तुंबा असतो. त्याच्या तोंडावर चामडं ताणून बसवलेलं असतं, काहींना चामड्याऐवजी लाकडी तबली, म्हणजे पातळ फळी असते. त्यातून साधारण तीन फुटांची दांडी आरपार गेलेली असते. तार खाली लंगोटाला, म्हणजे तळाच्या अडकणीला अडकवतात. तिथून ती घोडीवरून, म्हणजे तार उचलून धरणाऱ्या छोट्या तुकड्यावरून जाते आणि वर खुंटीला गुंडाळली जाते. एवढंच.

नावांचा घोळ मात्र खूप आहे. ऑनलाइन "एकतारा" मागवला तर बरेचदा बंगालच्या बाउल गायकांचा एकतारा येतो. त्याची बांबूची दांडी दोन फाकांची असते. फाका दाबल्या की तार सैल पडते आणि सूर खाली उतरतो, सोडल्या की परत वर येतो. ते वाद्य सुंदर आहे, पण अभंग गाताना स्थिर षड्ज हवा असेल तर ते तुमच्या कामाचं नाही. तुणतुणं आणखी वेगळं. लाकडी किंवा पत्र्याचं नळकांडं, तळाला चामडं, त्या चामड्याच्या मधोमध ओवलेली तार, आणि बाजूला ठोकलेल्या काठीच्या टोकाशी खुंटी. ते काडीने छेडतात. गोंधळ, पोवाडा, लावणी हे त्याचं घर. "आपलंच तुणतुणं वाजवणं" हा वाक्प्रचार त्या वाद्यावर अन्याय करतो असं मला मनापासून वाटतं. शाहिराच्या मागे उभं राहून तासभर सूर आणि लय न सोडणं हे फार जबाबदारीचं काम आहे. तुमचा ओढा पोवाड्याकडे असेल तर तुणतुणंच घ्या. सूर लावण्याबद्दल पुढे जे लिहिलं आहे ते त्यालाही लागू पडतं.

वारकऱ्यांची वीणा ही एकतारीची थोरली बहीण. ती आकाराने मोठी असते, तिला एकाहून अधिक तारा असतात आणि ती गळ्यात अडकवतात. तिची सुरुवात एकतारीवरून केलेली चांगली.

विकत घेताना

माझी पहिली एकतारी दिसायला देखणी होती, भोपळ्यावर वेलबुट्टी रंगवलेली. दर दहा मिनिटांनी तिची खुंटी घसरायची. दोन महिने मी सूर लावण्यातच घालवले आणि आपला कान कच्चा आहे असं समजत राहिलो. म्हणून सांगतो, सगळ्यात आधी खुंटी बघा. तार ताणा, हात सोडा आणि पाच मिनिटं दुकानदाराशी बोलत बसा. परत छेडल्यावर सूर होता तिथेच असला पाहिजे.

मग दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून बघा, ती वाकलेली नको. भोपळ्यावर बोटाच्या पेराने टकटक करा. चिरलेला भोपळा फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. चामडं कडेला कुठे सुटलेलं नाही ना, घोडी तारेखाली नीट बसते ना, हेही पाहा. शेवटी तार जोरात छेडून नाद किती वेळ टिकतो ते ऐका. दोन-तीन एकताऱ्या शेजारी ठेवून ऐकल्या तर फरक आपोआप कळतो. रंग आणि नक्षी यांच्याकडे बघूच नका.

पंढरपूर, आळंदी, देहू इथे टाळ-मृदंगाच्या दुकानांत एकतारी मिळते. मिरजेला जाणं जमलं तर जरूर जा. तिथे तंतुवाद्यं बनवण्याची परंपरा दीडशे वर्षांहून जुनी आहे आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. तंबोरा जुळवणाऱ्या कारागिराला एकतारीची खुंटी आणि घोडी दुरुस्त करणं अवघड नसतं.

आपली पट्टी शोधा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचं सगळं बिघडतं. एकतारी कोणत्या सुरात लावायची, म्हणजे तुमची पट्टी कोणती, हे तिने नाही, तुमच्या गळ्याने ठरवायचं.

पेटी किंवा तिचं मोबाइल ॲप समोर घ्या. पेटीवरच्या सुरांना आपण पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन अशी नावं देतो. पुरुषांची पट्टी बरेचदा काळी एकच्या आसपास असते, स्त्रियांची काळी चार किंवा काळी पाचच्या आसपास. हा फक्त सुरुवातीचा अंदाज. त्या सुराला सा मानून खाली मंद्र पंचमापर्यंत, म्हणजे खालच्या सप्तकातल्या प पर्यंत जा. आवाज ऐकू यायला हवा, नुसता वारा नको. मग वर तार गंधारापर्यंत, म्हणजे वरच्या सप्तकातल्या ग पर्यंत जा. मान न ताणता, ओरडल्यासारखं न वाटता तिथे पोहोचता आलं पाहिजे. खाली आवाज बुडत असेल तर पट्टी अर्ध्या सुराने वर घ्या, वर गळा आवळत असेल तर खाली. हे सलग तीन-चार दिवस, वेगवेगळ्या वेळी करून बघा. सकाळी उठल्या उठल्या आवाज जड असतो, तेव्हाचा निकाल धरू नका.

पट्टी ठरली की त्यावरून तारेची जाडी ठरते. तार वाजते किती उंच हे तिची लांबी, जाडी आणि ताण या तिघांवर अवलंबून असतं. काळी एकवर जुळवलेली तार तशीच काळी चारवर चढवायची झाली तर तिच्यावरचा ताण सव्वादोन पट होतो. जाड तार एवढी ताणली तर चामडं दबतं, घोडी खाली जाते, खुंटी घसरते. म्हणून उंच पट्टीला बारीक तार, खालच्या पट्टीला किंचित जाड. तारेची वाजती लांबी 75 सेंटीमीटरच्या आसपास असेल तर 0.30 मिलिमीटरची पोलादी तार दोन्हीकडे निभावते. दुकानात नुसती "एकतारीची तार" मागण्याऐवजी आपली पट्टी सांगून तार मागा.

तार लावणं आणि जुळवणं

तारेच्या एका टोकाला पीळ देऊन फास करा आणि तो लंगोटात अडकवा. दुसरं टोक खुंटीच्या भोकातून ओढून घ्या आणि तीन-चार वेढे बसतील एवढी तार राखून कापा. वेढे एकमेकांवर न चढता शेजारी शेजारी बसू द्या. ताणताना चेहरा तारेच्या रेषेत ठेवू नका, तुटलेली तार डोळ्याकडे उसळू शकते. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवायची. घसरत असेल तर काढून तिच्यावर खडू घासा आणि परत बसवा. तंबोऱ्याच्या खुंटीलाही हाच उपाय करतात.

आता जुळवणी. पेटीवर तुमचा सा धरून ठेवा, किंवा तंबोऱ्याचं ॲप लावा, आणि तार छेडा. दोन सूर जवळ आले पण एक झाले नाहीत, की नादात हेलकावे ऐकू येतात, वांव-वांव-वांव असे. तार सुराच्या जवळ जाते तसे ते हेलकावे संथ होतात आणि सूर मिळाला की थांबतात. ते थांबणं ऐकायला शिका. पहिल्या दिवशी कदाचित काहीच कळणार नाही, पण आठवड्याभरात बहुतेकांना कळू लागतं. सुराकडे नेहमी खालून वर या. तार वर गेली असेल तर आधी सुराच्या खाली उतरवा आणि मग हळूहळू चढवा. वरून उतरवत आणलेली तार थोड्या वेळात आणखी उतरते. काही एकताऱ्यांना घोडीच्या खाली तारेत मणी असतो. शेवटचा केसाएवढा फरक खुंटीने काढण्यापेक्षा तो मणी सरकवून काढा.

मोबाइलवर ट्यूनर वापरायला हरकत नाही. त्यात काळी एक "सी शार्प" म्हणून दिसेल, सुमारे 138.6 हर्ट्झ, आणि काळी चार "जी शार्प", सुमारे 207.7 हर्ट्झ. आकडा बरोबर दुप्पट किंवा निम्मा दिसला तर घाबरू नका, सूर तोच आहे, सप्तक वेगळं. मात्र माझा आग्रह असा की आधी कानाने जुळवा आणि मग ट्यूनर लावून तपासा. उलट क्रम ठेवला तर कान कधीच तयार होत नाही, आणि मंदिरात चाळीस टाळ वाजत असताना ट्यूनर काही उपयोगाचा नसतो.

नवी तार दोन-तीन दिवस सारखी उतरत राहते. ती ताणून बसते आहे. वाद्यात दोष नाही.

धरणं आणि छेडणं

मांडी घालून बसा. भोपळा उजव्या मांडीवर, दांडी उजव्या खांद्याला टेकलेली, जवळजवळ उभी. उजव्या हाताच्या अंगठ्याने, मधल्या बोटाने आणि अनामिकेने दांडी सैलसर धरायची. तर्जनी मोकळी राहिली पाहिजे, कारण तीच छेडणार आहे. वाद्याचा भार मांडी आणि खांदा घेतात, मनगट घेत नाही. दहा मिनिटांत मनगट दुखायला लागलं तर समजा की भार हातावर आला आहे.

तर्जनीच्या पेराच्या मांसल भागाने तार बाजूला ओढून सोडा. नखाने छेडलं तर आवाज टोकदार निघतो आणि गाण्याच्या वर येतो. बोट तारेत अडकवून उपटू नका, तिला स्पर्श करून घसरू द्या. घोडीच्या अगदी जवळ छेडलं तर आवाज कोरडा होतो, वरच्या बाजूला सरकलात तर गोल होतो. पाच-सहा जागा बदलून बघा आणि तुमच्या एकतारीची गोड जागा शोधून ठेवा.

पहिल्या आठवड्यात एवढंच करा: डोळे मिटून एक छेड, नाद पूर्ण विरेपर्यंत ऐकणं, मग दुसरी छेड. दिवसाला दहा-पंधरा मिनिटं पुरे. बोटाला फोड येण्याइतकं वाजवू नका, कातडी हळूहळू घट्ट होते. दुसऱ्या आठवड्यात प्रत्येक छेडीनंतर तोंड मिटून त्याच सुरात गुणगुणा. आवाज तारेत मिसळला की क्षणभर आपण गातो आहोत की तार वाजते आहे हे कळेनासं होतं. तो क्षण पहिल्यांदा आला तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

लय

आता छेड नियमित करायची. मिनिटाला 60 ठोके लावा आणि प्रत्येक ठोक्यावर एक छेड. कंटाळवाणं वाटेल, तरी पाच मिनिटं न थांबता करा. आपण नकळत पुढे पळतो, हे इथेच कळतं. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका.

मग आठ मात्रांकडे, म्हणजे आठ ठोक्यांच्या आवर्तनाकडे या. भजनात सर्वाधिक भेटणारे ठेके आठ मात्रांचे आहेत, भजनी ठेका, धुमाळी, केरवा. तोंडाने केरवा म्हणा, धा गे ना ती न क धी न, आणि फक्त पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर छेडा. पहिली छेड भरदार, पाचवीची हलकी. ते जमलं की एक-तीन-पाच-सातवर छेडा. सहा मात्रांच्या दादऱ्यात, धा धी ना धा ती ना, पहिली आणि चौथी मात्रा धरा. याहून जास्त नक्षीकाम करण्याची घाई नको. एकतारीवर दुगुण-चौगुण, म्हणजे दुप्पट-चौपट लय करणारे लोक असतात, पण गाणाऱ्याला त्याचा आधार न मिळता उलट त्रासच होतो.

बसून जमलं की उभं राहून करा, मग घरातल्या घरात चालत. पावलं आणि छेड एकत्र पडू लागली की लय अंगात उतरली असं धरा. दिंडीत हेच लागतं.

गाणं जोडणं

खरी अडचण इथे येते. तार एकटी नीट वाजते, गाणं एकटं नीट होतं, आणि दोन्ही एकत्र आली की हात थांबतो. सगळ्यांचं असंच होतं. कारण असं की गाताना आपला हात शब्दांच्या मागे जाऊ लागतो. शब्द लांबला की छेड लांबते.

उपाय क्रमाने करायचा. आधी छेड चालू ठेवून नुसता सा लावा, 'आ' म्हणत. मग "रामकृष्णहरी" सारखा नामगजर एकाच सुरात म्हणा, चाल न लावता. मग त्याला दोन-तीन सुरांची साधी चाल लावा. मग परत परत सा वर येणारी चाल घ्या. आणि हे होईपर्यंत अभंगाला हात लावू नका, कितीही मोह झाला तरी.

अभंग निवडताना त्याची अक्षरं मोजा. मोठ्या अभंगात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं आणि चौथ्यात चार. लहान अभंगात दोन चरण, आठ-आठ अक्षरांचे. नवशिक्याला लहान अभंग सोपा जातो, कारण आठ अक्षरं आठ मात्रांवर सरळ बसवून म्हणता येतात. मोठ्या अभंगात चौथा चरण आखूड असल्यामुळे तिथे आवाज लांबवावा लागतो, आणि नेमक्या त्याच जागी हात शब्दासोबत थांबतो. त्या जागेवर पेन्सिलने खूण करा आणि तेवढाच तुकडा वीस वेळा म्हणा.

गाताना दर कडव्यानंतर गाणं थांबवा, तार चालू ठेवा आणि आपला सा तारेशी ताडून बघा. बहुतेकांचा आवाज कडव्याच्या शेवटी किंचित उतरलेला असतो. कधी कधी चढलेलाही असतो, विशेषतः भजन रंगल्यावर. हे ताडून बघणं मी आजही सोडलेलं नाही.

चिपळ्या

तुकोबांच्या चित्रात एका हातात वीणा आणि दुसऱ्या हातात चिपळ्या आपण लहानपणापासून पाहतो. ते दिसतं तितकं सोपं नाही. चिपळ्यांची एक फळी अंगठ्यात आणि दुसरी बोटांत धरतात, आणि हात मिटला की त्या एकमेकींवर आपटून झांजा वाजतात. महिनाभर चिपळ्या वेगळ्याच वाजवा. मग तार आणि चिपळ्या एकाच मात्रेवर, एकदम. दोन्ही हातांनी वेगवेगळ्या मात्रा पकडणं त्याच्या बऱ्याच नंतर. आणि गाणं यात सगळ्यात शेवटी येतं.

देखभाल

वाजवून झालं की तार कोरड्या फडक्याने पुसा, घामाने ती गंजते आणि गंजलेली तार सुरात लागत नाही. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त वाजवणार नसाल तर तार थोडी सैल करून ठेवा. पावसाळ्यात चामडं दमट होऊन ढिलं पडतं, सूर उतरतो आणि आवाज बसतो. हलगी किंवा दिमडी जाळावर शेकतात तशी एकतारी शेकू नका, भोपळा तडकेल आणि चामड्याची कड सुटेल. कोवळ्या उन्हात थोडा वेळ ठेवा किंवा कापडी पिशवीत घालून कोरड्या जागी टांगा. उन्हाळ्यात उलट होतं, चामडं आवळतं आणि सूर चढतो. बंद मोटारीत तर कधीच ठेवू नका.

चारचौघांत

तीनेक महिन्यांनी गावातल्या किंवा जवळच्या मंदिरातल्या भजनी मंडळात जाऊन बसा. पहिल्या दिवशी पेटीवाल्याला पट्टी विचारा आणि भजन सुरू होण्याआधी तार जुळवून घ्या. मंडळाची पट्टी बरेचदा तुमच्यापेक्षा चढी असते. अशा वेळी तार मंडळाच्या सुरात लावायची आणि स्वतः हळू आवाजात गायचं. पखवाजाच्या शेजारी बसा, लय स्पष्ट ऐकू येते. एक जादा तार पिशवीत असू द्या. मध्येच तार तुटली तर वाद्य मांडीवर आडवं ठेवून टाळ्यांनी साथ चालू ठेवा, भजन संपल्यावर तार बदला.

आणि कधी तरी अखंड हरिनाम सप्ताहात वीणेचा पहारा मागून घ्या. सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि मध्यरात्रीनंतरच्या पहाऱ्याला माणसं कमी पडतात. जाण्याआधी पोटभर झोप काढा. वीणा गळ्यात घेताना आधीच्या विणेकऱ्याची लय चार-आठ मात्रा नुसती ऐका, ती तशीच उचला आणि मगच त्याला हात सोडू द्या.